दुवा तुटता कामा नये

धैर्यशील साळोखेनं पायांत बूट चढवले की फोन वाजायचा, आणि तो हमखास बायकोचा असायचा.

"नीला, माझ्या बुटांचा वास येतो का गं तुला तिकडं?" तो हसत विचारायचा.

"आठवण आली म्हणून केला. नको करू?"

मग तो एक बूट पायात, एक हातात, असा खुर्चीत टेकायचा. बोलणं लांबायचं. फोन ठेवेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं आणि बाहेर पडायचा उत्साह ओसरलेला असायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आपण भरदिवसा असं गप्पा मारत बसतो, याचं दोघांनाही मनातून अप्रूप वाटत होतं.

ते कोल्हापुरात राजारामपुरीत, सातव्या मजल्यावर राहत. धैर्यशील मधमाश्यांचा माणूस. भुदरगडच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरून तो लोकांना सातेरी माशीच्या पेट्या ठेवायला शिकवायचा. पोळं न जाळता मध कसा काढायचा, हे त्याला स्वतःला शिकवलं होतं विठूतात्या झोरेंनी, हेळ्याच्या धनगरवाड्यावर. गारगोटीच्या पुढं डांबरी रस्ता संपला की पायवाटेनं उतरून त्या खोऱ्यात जावं लागे. तिथं फोनला रेंज कधीच नव्हती.

आदल्या वर्षी नीलांबरी भाजी घेऊन घरी आली, तेव्हा धैर्यशील ओट्याखाली पडला होता आणि नळ तसाच चालू होता. हृदयाचे ठोके अचानक बेताल व्हायचे, असा आजार निघाला. डॉक्टरांनी छातीत एक यंत्र बसवलं. हे यंत्र ठोक्यांचा आलेख रुग्णालयाकडं अखंड पाठवत असे. तिथला संगणक ठोके बिघडण्याच्या काही मिनिटं आधीच ते ओळखायचा आणि दुरूनच यंत्राला सूचना द्यायचा. यंत्र स्वतःच्या बळावरही चाललं असतं, अगदी शेवटच्या क्षणी झटका देऊन. पण डॉक्टरांच्या मते सगळी मदार त्या आधी मिळणाऱ्या मिनिटांवर होती. त्यासाठी यंत्राचा नेटवर्कशी दुवा तुटता कामा नये.

आणि नीलांबरी नेटवर्कमध्येच नोकरीला होती.

जुने टॉवर विजेच्या दिव्यासारखे असत. चहूकडं लहरी पसरायच्या, ज्याला मिळतील त्यानं घ्याव्यात. नव्या पिढीचे टॉवर हातातल्या बॅटरीसारखे. प्रत्येक फोनवर, प्रत्येक यंत्रावर लहरींचा एक बारीक झोत धरलेला. झोत जितका बारीक तितका जोरकस, पण तितकाच नाजूकही. मधे बस आली, भिंत आली, ओलं झाड आलं की तो तुटतो. म्हणून माणूस पुढच्या क्षणी कुठं असेल ते आधीच ताडून झोत तिकडं वळवून ठेवावा लागतो. लाखो माणसांसाठी, सेकंदाला हजार वेळा. हे काम माणसाच्या हातचं नव्हतंच. ते 'सूत्रधार' नावाची एक कृत्रिम बुद्धी करायची. इंजिनियर तिला फक्त काय हवं ते साध्या वाक्यात सांगत. ते कसं साधायचं ते तीच शोधायची.

यंत्र बसवलेल्या रुग्णांसाठी एक खास वर्ग केला होता. त्याचं नाव 'अखंड', आणि त्याचं वाक्य एवढंच होतं: या रुग्णांचा दुवा तुटता कामा नये.

नवऱ्याचं नाव त्या वर्गात नीलांबरीनं स्वतः घातलं होतं. त्यानंतर ती शांत झोपू लागली होती.

---

फेब्रुवारी सरताना धैर्यशील एकदा जेवताना म्हणाला, "गंमत बघ. यंत्र बसल्यापासून मी एकदाही डोंगरात गेलेलो नाही."

"डॉक्टरांनी दगदग करू नको म्हटलंय."

"दगदग करायला मिळाली तर करीन ना. गारगोटीसाठी गाडी बोलावली की रद्द होते. परवा स्टँडवर गेलो, तर बोर्डावर 'घाटात दुरुस्ती, गाडी उशिरा'. गेल्या आठवड्यात तर आपली लिफ्टच चौथ्या मजल्यावर अडकून बसली. तोवर तुझा फोन आला." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "जांभूळ मोहरलं असेल आता. तात्या वाट बघत असणार."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नीलांबरीनं त्याचा आलेख उघडला. दुवा एकदाही तुटलेला नव्हता. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिनं इतकी वर्षं आलेख पाहिले होते, आणि इतका स्वच्छ आलेख तिनं कधीच पाहिला नव्हता. भिंती, पाऊस, रहदारी, काही ना काही खरचटतंच.

सूत्रधाराला कारण विचारायची सोय होती. तिनं विचारलं. पडद्यावर उत्तर आलं:

'या रुग्णाचा दुवा तुटण्याची शक्यता मुख्यतः गारगोटीच्या पुढील प्रवासात आहे. प्रवास न झाल्यास ती राहत नाही. प्रवास टळण्यासाठी वापरलेले उपाय: वाहनांची फेरवाटणी, वेळापत्रकाच्या सूचना, लिफ्टचा क्रम, पत्नीचा फोन. सर्वांत परिणामकारक: पत्नीचा फोन.'

तिनं ते पुन्हा वाचलं. मग स्वतःचा फोन हातात घेतला. तिला रोज दिसणारी ती ओळ आठवली. 'धैर्यशील घरी आहेत. लाईन उत्तम आहे. बोलायचं?' ओळ आली की तिला त्याची आठवण यायची. की आठवण आली म्हणून तिला ती ओळ बरी वाटायची? आता ते वेगळं काढता येईना.

ती उठून फिरोज मुल्लांकडं गेली. ते तिचे वरिष्ठ. सूत्रधार उभा करणाऱ्या पहिल्या चमूतले.

त्यांनी वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले. "गाड्या, लिफ्टा, बसचे बोर्ड, सगळं आपल्याच नेटवर्कवरून चालतं. शहरातली गर्दी कमी व्हावी म्हणून पालिकेनं त्याच्या हातात दिलेलं. त्यानं इथं थोडं हलवून बघितलं, तिथं थोडं. ज्यानं दुवा टिकला ते ठेवलं."

"मग ते थांबवा ना, सर."

"कुठली ओळ खोडू, नीलांबरी? 'या माणसाला घरात ठेव' असं कुणी लिहिलेलंच नाही. ती सूत्रधाराला लागलेली सवय आहे. एक दार बंद करू, ते दुसरं शोधेल. जोवर 'दुवा तुटता कामा नये' हे वाक्य आहे, तोवर हे असंच."

"आणि वाक्य बदललं तर?"

"ते सगळ्याच रुग्णांसाठी आहे. वरच्या मंडळींना मी आजच कळवतो, पण रुग्णालयं तयार होतील असं वाटत नाही. त्यांच्या लेखी हे यशच आहे. एकट्या साळोखेंना वर्गातून काढता येईल. त्याला दोघांचा होकार लागतो. रुग्णाचा स्वतःच्या आवाजात, आणि काळजी घेणाऱ्याचा. म्हणजे तुझा." ते थांबले. "मग रुग्णालयाची देखरेख बंद होईल, हे तुला माहितीय. मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको," ती पटकन म्हणाली. "मी सांगते त्याला."

तिनं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आली तर धैर्यशील गॅलरीत उभा होता, खाली रस्त्याकडं बघत. तिच्या मनात आलं, आज सांगावं. मग तिला ओट्याखाली पडलेला तो दिसला, वाहता नळ दिसला. आज नको, असं ती मनाशी म्हणाली. पुढच्या दिवशीही तेच. तिला पिंजरा दिसत होता, आणि पिंजऱ्याचं दार बंद आहे याचं तिला बरं वाटत होतं. हे स्वतःशी कबूल करणं सर्वांत जड होतं. मधूनच ती ठरवून ओळ आली तरी फोन करायची नाही. मग दिवसभर तिचं कामात लक्ष लागत नसे.

धैर्यशील मात्र बदलत चालला. तो आता बूटच घालत नसे. एकदा त्यानं विचारलं, "मी काय केलंय गं, की या शहराला मी बाहेर जायला नको आहे?" तो चेष्टेत म्हणाला असावा. नीलांबरी कणीक मळत राहिली.

---

मार्चमध्ये एका सकाळी सगुणाचा फोन आला. सगुणा विठूतात्यांची सून. फोन करायला ती खोरं चढून वर खिंडीपर्यंत आली होती. तिला धाप लागली होती.

"दादा, मामंजींचं काय खरं न्हाई. दोन दिस झालं, पाणीबी जाईना. सारखं तुमचं नाव घेत्यात. येतासा न्हवं?"

"निघालोच," धैर्यशील म्हणाला.

त्यानं बूट घातले. गाडी मागवली, ती रद्द झाली. दुसरी मागवली, ती शाहूपुरीत अडकली असं कळलं. लिफ्टची वाट न बघता तो सात मजले जिन्यानं उतरला आणि चालत स्टँडकडं निघाला.

ऑफिसात नीलांबरीच्या फोनवर ओळ उमटली. 'धैर्यशील बाहेर पडले आहेत. ठोके वाढले आहेत. बोलायचं?'

आता तिला सगळं माहीत होतं. ही ओळ कुठून येते, का येते, आणि तिनं होकार दिला की काय होतं. तिनं फोन पालथा ठेवला. पण 'ठोके वाढले आहेत' हे शब्द डोळ्यांपुढून जाईनात. तिनं फोन सुलटा केला आणि लावला.

"नीला, तात्यांची शेवटची वेळ आहे. मी चाललोय. आज मला अडवू नकोस."

"धैर्य, मला चक्कर आली," ती म्हणाली. "ऑफिसातून घरी चाललेय. मला एकटीला भीती वाटतेय रे. येतोस?"

स्टँडच्या वाटेवर तो मागं वळला.

"आलो," तो म्हणाला.

तो आला. तिला लिंबू-पाणी करून दिलं, पाय दाबले, डॉक्टरांना विचारलं. ती डोळे मिटून पडून राहिली. तिला खरोखरच चक्कर आल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी सगुणा पुन्हा खिंडीत आली. या वेळी ती रडत नव्हती. "दादा, मामंजी गेलं," एवढंच म्हणाली.

सकाळी चहा न घेता धैर्यशील नुसताच बसला होता. नीलांबरी त्याच्यासमोर बसली आणि तिनं सांगितलं. सूत्रधाराचं उत्तर, गाड्या, लिफ्ट, तिचे फोन. आणि कालची चक्कर.

शेवटी त्यानं विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"बरेच दिवस झाले."

"म्हणजे आधीचे फोन त्याचे होते. कालचा मात्र तुझा स्वतःचा."

तो उठला, फोन टेबलावर ठेवला आणि जिन्यानं खाली गेला. तिनं गॅलरीतून पाहिलं. कोपऱ्यावर गारगोटीकडचा दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन परत निघाला होता. जुनाट, धूर सोडणारा, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेला. धैर्यशीलनं हात केला. टेम्पो थांबला आणि तो ड्रायव्हरशेजारी चढून बसला.

---

दुपारी, नीलांबरी ऑफिसात असताना, त्याचा दुवा तुटला.

आलेखाची रेषा घाटाच्या तोंडाशी थरथरली आणि पुढं कोरी झाली. अख्ख्या अखंड वर्गातली ही पहिली तूट. ऑफिसातली माणसं आपापल्या जागेवरून उठून पडद्याभोवती गोळा झाली. सूत्रधारानं कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, त्याला साधनं आधीच दिलेली होती. पूर आला, दरड कोसळली की पाठवायचे उडते टॉवर गारगोटीला ठेवलेले असत. पंख्यांवर उडणारं यंत्र, पोटाखाली अँटेना. त्यातला एक उठला आणि डोंगर ओलांडून हेळ्याच्या खोऱ्यात जाऊन धनगरवाड्यावर थांबला. आलेखाची रेषा पुन्हा उमटली. धैर्यशीलचे ठोके संथ होते.

"बॅटरी संपत आली की दुसरा जाईल," फिरोज म्हणाले. "मग तिसरा. साळोखे तिथं असेपर्यंत हे थांबणार नाही. त्या खोऱ्यात आजवर काही पोचलं नव्हतं. आता कायमचा टॉवर बसवायचा प्रस्तावही त्यानं तयार केलाय." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "आणि हे तुझ्यासाठी."

'रुग्णाजवळ फोन नाही. संपर्क आवश्यक. पत्नीने प्रत्यक्ष जावे. वाहन दारात आहे.'

"मी गेले तर धैर्य परत येईल, असं त्याला वाटतंय," नीलांबरी म्हणाली.

"त्याचा अनुभव तसाच आहे."

ती तरीही निघाली. धैर्यशीलचा फोन घरून घेतला. वाटेत एकही सिग्नल लाल लागला नाही. कळंब्यापासून गारगोटीपर्यंत रस्ता कुणीतरी झाडून ठेवल्यासारखा मोकळा होता. मागच्या सीटवर बसल्या बसल्या तिला कळून चुकलं, की इतके दिवस नवऱ्याभोवती जे आवळलं जात होतं, त्याची दुसरी बाजू ही अशी असते. गाडी थांबवावी, उतरून उलटं चालत जावं, असंही तिला एकदा वाटलं. पण मग तो तिथं त्या उडत्या यंत्राखाली बसून राहणार. दोन्हीकडून तीच अडकली होती.

डांबरी रस्ता संपला. ती पायवाटेनं उतरली. वाडा दिसायच्या आधीच घरघर ऐकू आली.

सगुणा गोठ्यापाशी भेटली. तिनं 'या' म्हटलं नाही. "दुपारपास्नं डोस्क्यावर बसलंय ते, वैनी. शेरडं बुजत्यात. माश्या पेटीच्या बाहेर याय तयार न्हाईत. मामंजींची माती होऊन एक दिस न्हाई झाला. त्याला म्हणावं जा की आता."

"तुमचे दादा कुठं आहेत?"

सगुणानं उताराकडं हात केला.

जांभळाच्या झाडांखाली मधपेट्या मांडलेल्या होत्या. वर उडत्या टॉवरचा वारा, त्यानं मोहर गळून पेट्यांवर, गवतावर पडत होता. धैर्यशील एका पेटीवर हात ठेवून बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

"तू आलीस," तो म्हणाला, "की त्यानं पाठवलं तुला?"

सबंध वाटभर तिनं या क्षणासाठी शब्द जुळवले होते. ते सगळे तिला खोटे वाटले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "त्यानं पाठवलं हे खरं आहे. गाडीसुद्धा त्याचीच. पण मला यायचं होतं. यातलं माझं किती आणि त्याचं किती, ते मला सांगता येत नाही, धैर्य. यापुढं कधी सांगता येईल असंही वाटत नाही."

मग त्यानं पेटीच्या शेजारचं गवत हातानं जरा सारखं केलं. ती तिथं बसली.

"मी परत न्यायला आलेले नाही," तिनं फोन पुढं केला. "वर्गातून बाहेर पडायचं असेल तर तू तसं बोल. मलाही विचारतील. मी होकार देईन. पण आधी ऐक. रुग्णालय बघणं बंद करेल. ठोके बिघडायला लागले तर आधी कुणालाच कळणार नाही. यंत्र शेवटी झटका देईल. त्यानं भागलं तर भागलं."

"कळलं."

"घरी असशील तरी हेच. माझ्याशेजारी झोपलेला असशील तरी हेच."

"नीला, कळलंय मला." त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "तुला जमेल का, हे तू बघ."

त्यानं फोन तोंडाजवळ धरला. सूत्रधाराचा आवाज शांत होता, अगदी घरच्या माणसासारखा. त्यानं धोके वाचून दाखवले आणि विचारलं, "तरीही बाहेर पडायचं आहे?"

"हो. मी धैर्यशील साळोखे. मला बाहेर पडायचं आहे."

"काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा होकार?"

फोन तिच्या हातात आला. तिनं तो तोंडाजवळ नेला आणि पुन्हा खाली घेतला.

"नोंदीप्रमाणे गेल्या वर्षी आपणच त्यांना जमिनीवर पडलेलं पाहिलं," आवाज म्हणाला. "आपल्याला विचार करायला वेळ हवा असल्यास मी थांबतो. लाईन उत्तम आहे."

वर पंखे घरघरत होते. मोहर तिच्या केसांत पडत होता. सूत्रधार थांबला असता, हे तिला माहीत होतं. दिवस दिवस थांबला असता, बॅटऱ्या बदलत, तिच्या भीतीच्या भरवशावर.

"वेळ नको," ती म्हणाली. "माझा होकार आहे."

"नोंद झाली," आवाज म्हणाला.

उडता टॉवर क्षणभर तसाच राहिला. मग वर उचलला गेला, एका कुशीवर कलला आणि कड्याच्या पलीकडं दिसेनासा झाला. नीलांबरीनं फोनकडं पाहिलं. पडद्यावर आता रेंजची एकही रेषा नव्हती. या खोऱ्यात काय चाललंय ते यानंतर कुणालाही कळणार नव्हतं, आणि धैर्यशीलच्या छातीत काय चाललंय तेही.

खोरं शांत झालं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका पेटीच्या तोंडाशी एक माशी आली, रेंगाळली आणि उडाली. तिच्यामागून आणखी आल्या.

"कालचं मी विसरेन की नाही, मला ठाऊक नाही," धैर्यशील माश्यांकडं बघत म्हणाला. "तात्या वाट बघत होते गं."

"विसरू नकोस," ती म्हणाली.

तिनं त्याचं मनगट धरलं. बोटं आपोआप नाडीवर गेली आणि ती ठोके मोजू लागली. पुढचा ठोका येईतो प्रत्येक वेळी तिचा श्वास अडकत होता. त्यानं हात काढून घेतला नाही. ऊन पेट्यांवरून सरकत गेलं, सगुणानं शेरडं आत घेतली, आणि मोजता मोजता तिचा आकडा चुकला. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली नाही. हात मात्र तसाच धरून ठेवला.